आठ ठिपके

सर्जेकोट बंदरावर, बर्फाच्या कारखान्याला लागून
मच्छीमार सोसायटीचं ऑफिस. एक खिडकी, एक कॉम्प्युटर,
आणि त्यात मी बनवलेला फॉर्म, डिझेलच्या परताव्याचा.
वर खाते नंबराची चौकट, खाली पासवर्डची.

खालची रिकामी असली की फार उघडी दिसायची.
म्हणून मी तिच्यात आठ ठिपके ठेवले होते,
फिकट, राखाडी, नुसते दाखवायला.
पाहुणा यायच्या आधी मांडून ठेवलेल्या पाटासारखे.

पांडबा जुवाटकर आले ते सकाळच्या लिलावानंतर.
मनगटापर्यंत खवले.
नंबर टाकला एका बोटाने, बाकीची बोटं मिटून,
आणि मग हात मांडीवर ठेवून बसून राहिले.

"पासवर्ड घाला, काका."
"घातललो आसा मगे. बघ."
"तो तुमचा नाही."
"मग कोणाचो?"

मला उत्तर आलं नाही.

त्यांनी बटण दाबलं. लाल अक्षरं.
परत दाबलं. परत लाल.
तिसऱ्यांदा खातं बंद झालं, अर्ध्या तासापुरतं,
आणि पांडबा माझ्याकडे न बघता म्हणाले,
"कोणतरी माज्या आदी येवन गेलो."

अर्धा तास होता, चहा मागवला.
खिडकीखाली जाळं वाळत पडलेलं. दोरीला बोये,
एका ओळीत, उन्हाने रंग उडालेले.
पांडबांनी हनुवटीने ते दाखवले.
"पाण्यार बोये दिसले काय समजाचा?
खाली जाळां आसा. कोणाचातरी आसा.
दुसऱ्यान थंय हात घालूचो नाय."

म्हणजे माणूस बरोबर वाचत होता.
खोटं मी लिहिलं होतं.
जाळ्याशिवायचे बोये सोडले होते पाण्यावर,
जागा सुनी दिसू नये म्हणून.

ठिपके पुसले. शब्द घातले, तेही राखाडी:
पासवर्ड इथे लिहा.
त्यांनी पहिली कळ दाबली मात्र, शब्द गायब.
बोट हवेतच.
"काय लिवचा म्हणत होता ता?"

खरंच की. अशी कसली सूचना,
जी पाळायला घेतली की पुसली जाते?
चार वर्षं मी हेच काम करते,
आणि हा प्रश्न मला पडला नव्हता.

मग तो शब्द चौकटीतून बाहेर काढला,
वर नेऊन ठेवला, ठळक, काळा,
होडीच्या नाळेवर नाव रंगवतात तसा,
लाट येऊन गेली तरी जागचा न हलणारा.
आणि चौकट राहू दिली रिकामी.
वाईट दिसत होती. राहू दे.

पांडबा तिच्याकडे जरा वेळ बघत बसले.
मग एकेक कळ, पुटपुटत.
त्यांना वाटत होतं, ते मनातल्या मनात बोलतायत.
माझा बापूसही दर्यावर जायचा, त्यामुळे ऐकू आलं
एवढंच नाही, कळलंही:
कुठला कळस कुठल्या माडाआड गेला
की खाली खडप लागतं, तिथे किती वाव पाणी,
आणि त्या खडपात तांबोशी.
जी जागा त्यांनी जावयाला सांगितली नाही,
होडीवरच्या खलाश्यांना रात्रीच दाखवली,
ती ते माझ्या फॉर्मात भरत होते.

ती इथे लिहायची नाही. इथे फक्त

• • • • • • • • • •

मी उठून उगाच पंखा बंद केला, परत लावला.
पांडबा काचेवर बोट टेकवून मोजत होते,
डावीकडून, एकेक.
"धा. बरोबर आसत. आता ह्ये माजे."
आणि बटण दाबलं.

ते गेल्यावर बघते, तर चौकटीच्या जरा वर
स्क्रीनला एक खवला चिकटलेला.
ऑफिस बंद करेपर्यंत मी तो काढला नाही.